विहीणबाईंचा घसा

माझं आणि माझ्या विहीणबाईंचं पटत नाही, असं आमच्या दोन्ही घरांत सगळे धरून चालतात. हे खरं नाही. आमचं उत्तम पटतं, फक्त ते आवाज चढवून पटतं. त्या पेणला रामवाडीत राहतात आणि मी रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीत. त्यांच्या घरची खाडीकडे मिठागरं होती. ती गेली, आणि विहीणबाईंनी पापड-पोह्यांचा धंदा काढला. आता त्यांच्या हाताखाली आळीतल्या निम्म्या बायका आहेत, दारात गाडी आहे आणि बोलण्यात मालकिणीची जरब आहे. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे अख्खा रोहा मला 'बाई' म्हणतो आणि विहीणबाईही 'बाई'च म्हणतात. मात्र त्यांच्या तोंडून ते ऐकताना आपणच वर्गात उशिरा आलोय असं वाटतं.

माझा मुलगा आणि त्यांची मुलगी धाटावच्या एका कंपनीत एका शिफ्टला होते. तिथं त्यांचं जमलं आणि आम्हा दोघींना नुसतं कळवण्यात आलं. लग्नात विहिणीच्या पंगतीला सगळ्यांना पाट आणि मला तेवढी खुर्ची मांडली, म्हणून मी दीड दिवसाच्या गणपतीइतका वेळ गाल फुगवून बसले होते. माझे गुडघे बघून त्यांनी ती खुर्ची मांडली होती हे मला पुढे कळलं. तोवर फोटो काढून झाले होते आणि सगळ्या फोटोंत माझे गाल तसेच आहेत.

लग्नानंतर मुलाला मस्कतला नोकरी लागली आणि दोघं तिकडे गेली. पुढच्या वर्षी सूनबाईला दिवस गेले आणि त्याच सुमाराला करोना आला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही काही नव्यानं सांगायची गोष्ट नाही. विहीणबाईंनी तर माळ्यावरची बाज खाली काढून उन्हात टाकली होती. पण विमानं बंद झाली, मग थोडी सुरू झाली, तोवर सूनबाईला प्रवास करण्याजोगे महिने उरले नव्हते. लेक येऊ शकत नाही म्हटल्यावर आईनं जायचं ठरलं. सूनबाई दिसायला धीट, पण आतून घाबरली होती. परका मुलुख, दवाखान्यात नवऱ्यालासुद्धा आत सोडतील की नाही याचा भरवसा नाही. ती रोज फोनवर एकच विचारायची, "आई, तू येशील ना वेळेवर?" आणि विहीणबाई रोज एकच सांगायच्या, "कळा यायच्या आधी तुझ्या उशाशी असेन गो. तू नुसती खा आणि झोप."

मी जायचं कारण एवढंच, की विहीणबाई कधी विमानात बसल्या नव्हत्या आणि मी एकदा नागपूरला विमानानं जाऊन आले होते. त्या भांडवलावर मला मार्गदर्शक नेमण्यात आलं.

नेमणूक मी फार मनावर घेतली. रोग हवेतून कसा पसरतो हा धडा मी इतक्या वर्गांना शिकवला होता, की फळ्यावरचा शिंकणारा माणूस मी डोळे मिटून काढला असता. मी विहीणबाईंना फोनवरून नियम घालून दिले. जायच्या आधी कोणाकडे जायचं नाही, कोणाला घरात घ्यायचं नाही, पापड लाटणाऱ्या बायकांना सुट्टी द्यायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते सगलं करते मी. पण मिठाचा शेक सोडणार नाय."

हा शेक म्हणजे त्यांच्या घरचा रामबाण उपाय. खडे मीठ तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधायचं आणि ती पुरचुंडी कपाळाला, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि कानामागे धरायची. अंग दुखलं तरी तोच शेक, सर्दी झाली तरी तोच, आणि आता सर्दी होऊ नये म्हणूनही तोच. मी त्यांना विषाणू म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मिठाच्या शेकानं त्याचा केसही वाकडा होत नाही, हेही सांगितलं.

"हवेतून येतो ना तो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि नाकातून आत जातो?"

"हो."

"मग वाटेवर पहारा नको ठेवायला?"

मी फोन ठेवला आणि नवऱ्यापाशी कुरकुर केली. ते म्हणाले, "तू मास्क लाव, त्या मीठ लावू देत." पुरुषांना भांडणात रसच नसतो.

दोघींच्या नाकात कांडी घालून तपासण्या झाल्या, दोघींचे अहवाल चांगले आले. निघायच्या दिवशी सुनेचा भाऊ पहाटेच गाडी घेऊन अष्टमीला आला. निडी, नागोठणं करत, महामार्गाचं जन्मभर चाललेलं काम चुकवत आम्ही रामवाडीत पोचलो. विहीणबाई अंगणात तयार उभ्या होत्या. नवी साडी, मास्क, त्यावर तोंड झाकणारी काचेसारखी प्लास्टिकची टोपडी, आणि हातात भाकऱ्यांचा गरम राहणारा मोठा डबा. गाडीत बसताच त्यांनी डबा मांडीवर घेतला. भाकऱ्यांवर इतका जीव कशाला, असं माझ्या मनात आलं, पण मार्गदर्शकानं बारीकसारीक गोष्टींत पडू नये.

विमानतळावर गेल्यावर मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. जे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत आले, ते तिथं जमिनीवर रंगवून ठेवलं होतं. रांगेत उभं राहायला पावलांची चित्रं, दोन पावलांत भरपूर अंतर. खुर्च्यांवर एकाआड एक फुल्या. सॅनिटायझरच्या बाटलीला हात लावायचा नाही, खाली पायानं दाबायचं. दर थोड्या वेळानं आकाशवाणी व्हायची की मास्क नाकावर ठेवा. माझ्यामागच्या गृहस्थांचा मास्क हनुवटीला लोंबत होता. मी वळून नुसतं बघितलं. त्यांनी तो वर घेतला आणि शिवाय एक पाऊल मागे सरकले. निवृत्त झाले तरी डोळे अजून चालतात याचा मला आनंद झाला.

सुनेच्या भावाला आत सोडत नव्हते. तो म्हणाला, "विमान उडेपर्यंत मी गाडीपाशी थांबतो." त्यानं वाकून नमस्कार केला तोही लांबून, हवेतल्या हवेत.

दारात एक जवान हातात कपाळाला लावायची बंदूक घेऊन उभा होता. माझ्या कपाळासमोर धरली, चुप् वाजलं, पुढे. विहीणबाईंच्या समोर धरली आणि ती बंदूक किंचाळायला लागली. त्यानं पुन्हा धरली, ती पुन्हा किंचाळली. पावलांवरच्या सगळ्या माणसांनी आपापली पावलं सोडली आणि आमच्याभोवती मोठं रिंगण मोकळं झालं.

"माताजी, बुखार है," तो म्हणाला.

"नाय. नाय बुखार," विहीणबाई म्हणाल्या आणि डबा छातीशी धरला.

त्याबरोबर आणखी दोन माणसं आली. त्यांनी विहीणबाईंना बाजूच्या एकट्या खुर्चीत बसवलं आणि डब्यात काय आहे ते विचारलं. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी मध्ये शिरले आणि माझ्या शाळेतल्या हिंदीत सांगायला लागले की यह नमक की गर्मी है, शरीर की नहीं. ती माणसं माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की आता माझ्याही डोक्यावर बंदूक धरतील. शेवटी डबा उघडला. वर केळीच्या पानात भाकऱ्या, खाली टॉवेलात गुंडाळलेली मिठाची पुरचुंडी. पेणहून निघाल्यावर पनवेल जाईपर्यंत मी डुलकी काढली होती, तेवढ्यात बाईसाहेबांनी कपाळ, नाक, कान सगळं शेकून घेतलं होतं, आणि विमानतळ दिसल्यावर शेवटचा एक शेक जरा दाबूनच घेतला होता. हवेतला रोग जिथं सगळ्यात जास्त, तिथं पहाराही जास्त, हा त्यांचा हिशेब.

एका अधिकाऱ्यानं पुरचुंडी हातात घेतली, हातमोज्यातूनही त्याला चटका बसला आणि त्यानं ती पटकन खाली ठेवली. मग त्यानं बंदूक पुरचुंडीवर धरली. बंदूक अशी ओरडली की तो स्वतःच हसला. रिंगणातली माणसंही हसली आणि पुन्हा आपापल्या पावलांवर गेली. "थोडी देर बैठिए, ठंडा होने दीजिए," असं तो कपाळाला उद्देशून म्हणाला. मी विहीणबाईंच्या कपाळाला तिकिटानं वारा घालत बसले. काही वेळानं पुन्हा बंदूक लावली. चुप्. ताप नाही.

आम्ही आत गेलो. मला तर लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं आणि माझं तोंड काही केल्या बंद होत नव्हतं. मधल्या फुलीच्या खुर्चीमुळे आणि मास्क, टोपडी यांच्यामुळे एकमेकींना ऐकू जाईना, म्हणून मी मोठ्यानं बोलत होते. मी त्यांना मिठावरून चिडवलं, नागपूरच्या विमानात चहा कसा देतात ते सांगितलं, मधल्या सीटवर बसणाऱ्याला पांढरा झगा घालायला देतात, तो तुम्हाला शोभेल, असंही म्हटलं. एरवी विहीणबाईंनी एकाचे दोन करून परत दिले असते. त्या नुसती मान हलवत होत्या. पहिल्यांदा विमानात बसतायत, धास्तावल्या असतील, असं मी धरून चालले आणि आणखी धीर द्यायला लागले.

बॅगा द्यायच्या खिडकीच्या आधी एक टेबल होतं आणि त्याच्या मागे एक डॉक्टरीण बसली होती. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या झग्यात, फक्त डोळे दिसत होते. वयानं माझ्या विद्यार्थिनींच्या विद्यार्थिनी असाव्यात तेवढी. ती मान वर न करता प्रत्येकाला एका सुरात विचारत होती. ताप आहे का, खोकला आहे का, घसा दुखतो का, दम लागतो का. माणूस नाही म्हणायचा, ती शिक्का मारायची, पुढचा यायचा. पाढे म्हणावेत तसं चाललं होतं. माझे पाढे म्हणून झाले. मी पुढे जाऊन विहीणबाईंसाठी थांबले.

"ताप, खोकला, घसा, दम?" मराठी माणसं बघून तिनं मराठीत आणि थोडक्यात विचारलं.

विहीणबाईंनी टोपडी सावरली. तिनं पुन्हा विचारलं.

"घसा दुखतोय," विहीणबाई म्हणाल्या. "राती झोपल्यापासून. आवंढा गिलला की खुपतंय."

टेबल आणि पावलं यांच्यामध्ये काच होती, म्हणून त्यांनी ते मोठ्यानं सांगितलं. मागच्या सगळ्यांनी ऐकलं. मी दोन उड्या मारून परत आले. "अहो, ते काही नाही हो डॉक्टर," मी म्हणाले, "गाडीतल्या एसीनं झालं असेल. अहवाल आहे की त्यांचा, चांगला आलाय. दाखवू का?"

"बाई, थांबा जरा," विहीणबाई म्हणाल्या. "एसी मी लावू दिलाच नव्हता."

डॉक्टरीणबाईनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे थकलेले होते, पण ती हसतेय हे कळत होतं. "आजी, सकाळपासून एवढी माणसं गेली इथून," ती म्हणाली. "एकाचाही घसा दुखत नाही. आख्ख्या विमानतळावर तुमचा एकटीचा दुखतोय."

"तू इचारलंस म्हणून सांगितलं. दारावरच्या माणसानं कपाळ बघितलं, घसा इचारला नाय. मला वाटलं सुटले. तू इचारलंस."

"मला तुम्हाला सोडता येणार नाही, आजी. तपासणी झाली त्यानंतर दुखायला लागलाय. घरी जाऊन पुन्हा तपासून घ्या. काहीच नसेल, पण मला विमानात बसवता येणार नाही."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

मला तिथल्या तिथं रडू आलं. टोपडीच्या आत नाक पुसता येत नाही, ते फार वाईट. मी म्हणाले, लेक वाट बघतेय, पहिलटकरीण आहे, तुम्ही तिला शब्द दिलाय. हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तरी मी बोलत सुटले. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "विमानात माझ्या दोन अंगांना दोन माणसं बसणार. त्यांच्याबी घरी कोण ना कोण असेल. आणि मी तिथं जाऊन कोणाजवळ जाणार, बाई? ओल्या बाळंतिणीजवळ. एवढ्याशा पोराजवळ. तिच्या उशाशी बसायचं ते असा घसा घेऊन?" त्यांचा आवाज बसला होता. मास्कमुळे मला इतका वेळ कळलंच नव्हतं.

त्यानंतर त्यांना रडायलाही सवड नव्हती, कारण सामानाचा प्रश्न उभा राहिला. बाळंतविडा सगळा त्यांच्या बॅगेत होता. आळीव, डिंक, खारीक, शेपा, वेखंड, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. माझ्या बॅगेत माझ्या साड्या. वजनाची मर्यादा ठरलेली. विहीणबाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारून लांब एका कोपऱ्यात दोन्ही बॅगा ओढल्या आणि जमिनीवर उघडल्या. मला म्हणाल्या, "तुमी लांब राहा. मी माझ्या बॅगेतलं बाहेर काढून ठेवते, मग बाजूला होते. तुमी उचला." त्यांनी आधी हातांना सॅनिटायझर चोपडलं आणि लाडवाच्या डब्यापासून काजळाच्या डबीपर्यंत एकेक वस्तू फरशीवर मांडली. बाजार मांडल्यासारखं दिसत होतं. मी माझ्या साड्या काढल्या आणि ते सगळं आत कोंबलं. अंगावरची सोडून माझ्याकडे एक साडी राहिली. मस्कतमध्ये पुढे मी सुनेच्या गाऊनवर दिवस काढले आणि मुलानं माझे फोटो काढू नयेत म्हणून त्याला दम दिला.

जाताना त्या लांब उभ्या राहून म्हणाल्या, "पोरीला सांगा, आई येते. नुसती जरा मागून येते." मग माझ्या साड्या भरलेली आपली बॅग ओढत, टोपडी सावरत, पाठ ताठ ठेवून त्या दाराकडे गेल्या. सुनेच्या भावानं नंतर सांगितलं की त्या गाडीत मागे बसल्या, चारही काचा खाली करायला लावल्या, आणि पेण येईपर्यंत वाऱ्याच्या आवाजात त्या रडत होत्या की नाही हे त्याला कळलं नाही. त्यानं वळून बघितलं तर ओरडायच्या, "पुढं बघ."

मस्कतला उतरल्यावर माझ्या मनगटात पाळत ठेवणारा एक पट्टा अडकवला आणि मला मुलाच्या घरातल्या मागच्या खोलीत बंद केलं. आठवडाभर बाहेर पडायचं नाही. जेवण दारात ठेवायचे, दार वाजवायचे, मी ते गेल्यावर घ्यायचे. मी जाऊनही सूनबाईच्या काही उपयोगाची नव्हते. दाराच्या एका बाजूला ती बसायची, एका बाजूला मी, आणि फोनवर पेणहून तिची आई. पहिल्या दिवशी मी दाराआडून तिला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "आईनं खरं सांगायचं कशाला?" आणि लगेच म्हणाली, "नाही, बरोबर केलं." आणि पुन्हा रडायला लागली. मला दार उघडता येत नव्हतं.

माझा आठवडा पुरा व्हायच्या आतच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. त्याच दिवशी सकाळी पेणहून विहीणबाईंचा दुसरा अहवाल आला होता. काहीही नव्हतं. नुसता घसा. गुळण्यांनी बरा होणारा, कुणालाही होतो तसला घसा. मला इतका संताप आला की मी एकटीच खोलीत हातवारे करत फिरत होते. विहीणबाईंना फोन लावला आणि म्हणाले, "बघितलंत? उगीच राहिलात तुम्ही."

"करोना नव्हता ते बरंच झालं की, बाई," त्या म्हणाल्या. "असता तर?"

पुढचं विमान लगेच नव्हतं. रात्री उशिरा दवाखान्यातून मुलाचा फोन आला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. मुलानं फोन बाळाच्या तोंडासमोर धरला. एका चौकोनात ते लालबुंद तोंड, एका चौकोनात मागच्या खोलीत गाऊन घातलेली मी, एका चौकोनात रामवाडीतल्या विहीणबाई. आम्ही दोघी आज्या सारख्याच लांब होतो.

पुढचे आठवडे बाळंतपण मी केलं, पण हात माझे आणि हुकूम विहीणबाईंचे. फोन भिंतीला टेकवून ठेवायचा आणि त्या पेणहून ओरडायच्या, "बाई, पाणी कडत हवं. बाई, मान धरा तिची. बाई, शेगडी एवढी लांब कोण ठेवतं?" मिठाचा शेक तर त्यांनी मला तव्यापासून शिकवला. सूनबाईच्या कंबरेला आराम पडायचा, हे मी कबूल करते, पण त्यांच्यासमोर कधी केलं नाही. सूनबाई हसायची, जेवायची, बाळाला पाजायची. सगळ्यांशी शहाण्यासारखी वागायची. इतकी शहाण्यासारखी की मला तिची काळजी वाटायची.

विहीणबाई आल्या तेव्हा बाळ महिन्याचं झालं होतं. एकट्या आल्या, पहिल्यांदा विमानात बसून, मार्गदर्शकाशिवाय. पांढरा झगाही मिळाला म्हणाल्या. आणि आल्या त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या, मनगटात पट्टा घालून. आता बाळ भिंतीपलीकडे रडायचं आणि त्या इकडे येरझाऱ्या घालायच्या. तिसऱ्या दिवशी सूनबाई बाळाला घेऊन दाराशी गेली.

"आई, उघड गं. तुझे सगळे अहवाल चांगले आहेत. काही होत नाही."

"नाय गो."

"थोडंसं. नुसतं बघ."

"विमानतळावर एवढ्या लोकांत तोंड उघडलं ते मग कशाला?" आतून आवाज आला. "जा. तिला वारा लागेल."

मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. सूनबाई थोडा वेळ दाराला टेकून उभी राहिली आणि मग बाळाला घेऊन गेली.

पट्टा निघाला त्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी डोक्यावरून अंघोळ केली आणि दार उघडलं. मास्क नव्हता. इतक्या महिन्यांनी त्यांचं अख्खं तोंड समोर बघून मला ओळखायला क्षणभर लागला, फोनवर कळलं नव्हतं इतक्या त्या बारीक झाल्या होत्या. मी तयारच होते. बाळाला नवं दुपटं गुंडाळून, तीट लावून मी हॉलच्या मधोमध उभी होते. एवढं सगळं मी केलं असलं तरी पहिला मान कोणाचा हे मला कळतं. मी बाळ पुढे केलं आणि म्हणाले, "घ्या विहीणबाई. तुमचा मान."

त्यांनी बाळाकडे वाकून नीट बघितलं. गालाला बोट लावलं. "नाकानं तुमच्यावर गेलीय," म्हणाल्या.

"घ्या की."

"जरा धरा तिला," त्या म्हणाल्या. "माझं बाळ हे हाय."

आणि त्या माझ्या बाजूनं पुढे गेल्या. सूनबाई भिंतीशी उभी होती. विहीणबाईंनी तिला धरून दिवाणावर बसवलं, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "लई दुखलं का गो?" महिनाभर शहाण्यासारखी वागलेली माझी सून मोठ्यानं रडायला लागली.

मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.